पाणी उतरलेलं पातं

आमची मागाची शेड विकली तेव्हा सगळ्यात शेवटी बाहेर निघाला तो तेलाचा १५ लिटरचा पत्र्याचा डबा. त्यात कुलपं होती. मोजली, १४ भरली. काही अलीगढची, काही पितळी, दोन इतकी गंजलेली की वरची अक्षरंही लागत नव्हती. चावी एकाचीही नाही. भंगारवाला काटा घेऊन दारात उभा होता. आप्पांनी डब्यात हात घातला, एक कुलूप तळहातावर तोललं आणि म्हणाले, "हे राहू दे. कुलपं चांगली आहेत."

आप्पा आधी गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी भाड्याच्या जागेत दोन माग टाकले, मग चार, मग अक्कलकोट रोडला स्वतःची शेड. आता ते ७६ वर्षांचे आहेत. मी एका टॉवेल कारखान्याचे हिशेब बघतो. माग कधी चालवला नाही, त्यांनी चालवू दिला नाही.

चावी नसलेलं कुलूप चांगलं कसं, हे काही डोक्यातून जाईना. डबा जिन्याखाली ठेवला होता, येताजाता दिसायचा. कुलूप चावीवाचून उघडण्याचा जगभर कितीतरी लोकांना छंद आहे, त्याच्या स्पर्धा भरतात, हे मला त्या दिवसांत मोबाईलवर बघता बघता कळलं. त्या मंडळींचे दोन नियम आहेत आणि दोन्ही मला पटले. कुलूप आपल्या मालकीचं असलं पाहिजे, आणि ते कुठे वापरात लावलेलं नसलं पाहिजे. मी ते दोन्ही मार्करने डब्याच्या झाकणावर लिहून ठेवले. घरात मुलगी आठवीत आहे. हे खेळणं कशाशी खेळायचं आणि कशाशी नाही, ते तिच्या डोळ्यांसमोर रोज असावं असं वाटलं.

तयार अवजारांचा संच मागवता आला असता. पण ज्या घरात धोट्यापासून फणीपर्यंत सगळी दुरुस्ती हातानं झाली, तिथे पाकीट फोडून सुरुवात करणं जिवावर आलं.

जानेवारी होता, सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला गर्दी होती. पहिला प्रयत्न बायकोच्या केसांच्या पिनेचा. पिन वाकवून कुलपात घातली, फिरवली, ती आतच वाकून अडकली. पक्कड लावून काढावी लागली. कागदाची क्लिप त्याहून मऊ. मग आठवलं, आपल्याकडे जुन्या फण्या आहेत. मागाच्या फणीत पोलादी दाते असतात, चपटे, गुळगुळीत, एकासारखा एक. ताण्याचा, म्हणजे उभा धागा दिवसभर त्यावर घासतो तरी सहजी झिजत नाहीत. मला वाटलं, याहून चांगलं पोलाद कुठे मिळणार? चार दाते सुटे केले, एकाचं टोक कानशीने आकड्यासारखं केलं. पण दाते फार पातळ. कुलपात वर दाबलं की आकडा आतल्या खुंटीला, म्हणजे चावी जिला उचलते त्या बारीक दांडीला, उचलण्याऐवजी स्वतःच रिबिनीसारखा पिळायचा. जाडी म्हणजे काय, हे मला तिथे कळलं. चावीच्या खाचेत सहज शिरेल इतकं पातळ आणि स्प्रिंगचा जोर सोसेल इतकं जाड, यांच्या मधली जागा फार अरुंद आहे.

त्या जागेत हॅक्सॉचं पातं बसतं. साधं हाताच्या करवतीचं, ३०० मिलिमीटर लांब, साडेबारा रुंद, आणि जाडी ०.६३ मिलिमीटरच्या आसपास. हार्डवेअरच्या दुकानातून ४० रुपयांना दोन आणली. गल्लीच्या टोकाला वेल्डिंगचं दुकान आहे, तिथल्या पोराने ग्राइंडर वापरू दिला. डोळ्यांवर चष्मा चढवून दाते उडवले, मागची बाजू खाली उतरवली, टोकाला आकडा काढला. ठिणग्यांचा फवारा पडत होता, दहा मिनिटांत मोबाईलवरच्या चित्रात दिसतो तसा आकार तयार. फार आनंद झाला. आकड्याच्या मानेपाशी सुरेख निळी झाक आली होती, ती मला शोभाच वाटली.

घरी येऊन आप्पांना दाखवला. ते पेपर वाचत होते. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, आकडा उजेडात धरला, त्या निळ्या पट्ट्यावर अंगठा ठेवला आणि दोन बोटांत हलकेच दाबला. आकडा वाकला आणि वाकलेलाच राहिला, परत आला नाही.

"पाणी उतरलं याचं," ते म्हणाले.

विळ्याला, कुदळीला लोहार पाणी देतो, हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. पाणी उतरतं कसं, ते डोळ्यांनी पहिल्यांदा पाहिलं. साध्या कार्बन पोलादाचं पातं तापत जातं तसा त्याचा रंग बदलतो. आधी गवताच्या काडीसारखा फिका पिवळा, मग तपकिरी, जांभळा, आणि ३०० अंशांच्या आसपास निळा. निळ्यापर्यंत गेलं की बरीचशी कठिणाई गेलेली असते. ग्राइंडरवर ते काही सेकंदांत होतं आणि ठिणग्यांच्या उजेडात कळतही नाही.

"हातमोजा घातला होतास?"

"हो."

"तिथंच चुकलास. असल्या बारीक कामाला उघड्या बोटांनी धरायचं. बोटाला चटका बसायच्या आत पाण्यात बुडवायचं. बोट सांगतंय की तुला किती तापलं ते."

दुसऱ्या पात्याच्या वेळी ते माझ्याबरोबर वेल्डिंगच्या दुकानात आले. प्लास्टिकच्या डब्यात पाणी घेतलं. दोन सेकंद चाकाला लावायचं, पाण्यात, पुन्हा दोन सेकंद, पाण्यात. तासभर गेला. आकार अजून ओबडधोबड होता तेव्हाच त्यांनी थांबवलं, म्हणाले, पुढचं कानशीचं काम.

ते कानशीचं काम मी आमच्या गच्चीवर केलं, पहाटे. फेब्रुवारी संपत आला की सोलापुरात ऊन चढल्यावर गच्चीवर उघड्या पायाने उभं राहता येत नाही. आप्पांनी जुनी छोटी कानस दिली, तिची मूठ इतकी गुळगुळीत झाली होती की लाकूड आहे की शिंग ते कळू नये. कानस पुढे जाताना कापते, मागे येताना नाही. मागे येताना उचलायची, दाबत ओढली तर तिचे दाते मरतात. हे त्यांनी एकदाच सांगितलं आणि मग बाजूला बसून फक्त आवाज ऐकत राहिले. आवाज किंचित बदलला की त्यांची मान वळायची. पात्याचा धारेकडचा भाग कडक, तिथे कानस घसरते, कर्र करते. पाठीकडचा भाग मऊ, तिथे ती धरते. माझ्या कानाला तो फरक यायला आठवडा लागला.

मग पॉलिश पेपर. २२० नंबरपासून सुरुवात, मग ४००, ६०० आणि शेवटी १००० चा पाण्यातला. इथे मी कंटाळलो असतो, पण नखाने तपासायची युक्ती उपयोगी पडली. आकड्याच्या काठावरून नख फिरवायचं. जिथे अडकेल तिथे कुलपातली खुंटीही अडकणार. अवजाराला स्वतःचा खरखरीतपणा असेल तर कुलूप काय सांगतंय ते हाताला कळत नाही, दोन्हींचा आवाज एकमेकांत मिसळतो. हे वाक्य वाचलं असतं तर मी पुढे गेलो असतो. पण एक आकडा ४०० वर सोडून दिलेला आणि एक १००० पर्यंत नेलेला, असे दोन्ही एकाच कुलपात घातल्यावर फरक असा लागला की पहिला मी लगेच परत घासायला घेतला.

आता आकड्याची जोडीदार. कुलूप उघडायला दोन हातांत दोन गोष्टी लागतात. एक आकडा खुंट्या उचलायला, आणि दुसरी एल आकाराची पट्टी, जी चावीसारखा फिरवण्याचा हलका दाब देत राहते. आम्ही घरात तिला दाबपट्टी म्हणायला लागलो. ही सगळ्यात स्वस्तात मिळाली. गाडीचे वायपर बदलले की गॅरेजवाले जुने फेकतात. साध्या वायपरच्या रबरात दोन बाजूंना स्टीलच्या दोन लांब पट्ट्या असतात, लवचीक, न गंजणाऱ्या. होटगी रोडच्या एका गॅरेजमधून मी चार जुने वायपर उचलले, त्यातून आठ पट्ट्या निघाल्या. पक्कडीत धरून थंडच काटकोनात वाकवायची, टोक कुलपाच्या खाचेच्या मापाला घासायचं, कडा गोल करायच्या. झालं. माझी सगळ्यात जास्त मेहनत आकड्यावर गेली आणि पुढे कळलं की कुलूप उघडतं की नाही ते या फुकटच्या पट्टीवर जास्त अवलंबून आहे.

दोन अवजारं तयार झाली आणि मी डब्यातलं सगळ्यात मोठं कुलूप घेतलं, शेडच्या शटरचं. आठ दिवस बसलो. आत खुंटी म्हणून काही लागतच नव्हतं, काहीतरी पत्र्यासारखं सरकायचं आणि परत यायचं. शेवटी अशोक चौकाकडे जाताना फूटपाथवर एक म्हातारे चावीवाले बसतात त्यांच्याकडे ते कुलूप नेलं. आधी त्यांनी कुलूप हातात घेतलंच नाही.

"कुणाचं आहे?"

सांगितलं. शेडचं, शेड विकली, चावी नाही.

"विकलेल्या शेडचं कुलूप तुमच्याकडे कसं?"

त्यांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. मग म्हणाले, घराचं कुलूप उघडायला कुणी बोलावलं तर ते शेजारचा माणूस समोर उभा केल्याशिवाय पेटी उघडत नाहीत, चाळीस वर्षांत एकदाही नाही. मला त्या माणसाबद्दल मनापासून आदर वाटला. रस्त्यावर छत्रीखाली बसून केलेला धंदा, पण गावाची दारं त्यांच्या भरवशावर आहेत.

मग त्यांनी कुलपाच्या अंगावरचा ठसा दाखवला. सात लिव्हर. हे खुंट्यांचं कुलूपच नव्हतं. लिव्हरच्या कुलपात एकावर एक पातळ पट्ट्या असतात, प्रत्येकीला खाच असते, आणि चावी प्रत्येक पट्टीला नेमक्या उंचीवर नेते तेव्हा सगळ्या खाचा एका रेषेत येऊन बोल्ट सरकतो. आपल्याकडच्या दारांना, शटरांना लागणारी कितीतरी कुलपं याच जातीची. मोबाईलवर जे बाहेरचे लोक आकड्याने उघडताना दिसतात ती दुसऱ्या जातीची. एक महिना मी एका जातीचं अवजार करत होतो आणि दुसऱ्या जातीच्या कुलपात घालत होतो. तोंडाकडे बघून ओळखता येतं. चावीची जागा नागमोडी चीर असेल तर आत खुंट्या आहेत. सरळ भोक आणि त्यात मधे खिळ्यासारखा दांडा दिसला तर लिव्हर.

घरी येऊन डबा ओतला आणि वेगळी केली. १४ पैकी १० लिव्हरची, ४ खुंट्यांची.

त्या चारांपैकी एक पितळी कुलूप आप्पांनी मागून घेतलं. त्याच्या पोटाखाली पाच बारीक गोल ठिपके दिसतात, नीट पाहिलं तरच, कारण वरून पॉलिश मारलेलं असतं. तिथून कारखान्यात खुंट्या आणि स्प्रिंगा भरून वर पितळेची बुचं ठोकलेली असतात. आप्पांनी एका बाजूने पितळ घासायला घेतलं. दोन दिवस, रोज संध्याकाळी थोडं थोडं, आईच्या जुन्या साडीच्या तुकड्यावर कीस गोळा करत. तिसऱ्या दिवशी कुलपाच्या पोटाला खिडकी पडली. एक स्प्रिंग उडून शहाबादी फरशीवर टिचकन पडली आणि फ्रिजखाली गेली. मुलीने टॉर्च लावून फूटपट्टीने काढली. केसाएवढ्या तारेची, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी लांब.

त्या खिडकीतून जे दिसलं ते मी अजून विसरत नाही. प्रत्येक भोकात एकावर एक दोन खुंट्या, त्यांच्या मागे स्प्रिंग. चावी नसताना एक खुंटी अर्धी बॅरलमध्ये, म्हणजे चावी जिच्यात शिरते त्या फिरणाऱ्या नळीत, आणि अर्धी बाहेरच्या अंगात, म्हणून बॅरल फिरत नाही. दोन खुंट्यांमधला सांधा नेमका बॅरलच्या काठावर आला की बॅरल तिथे अडकत नाही. पाचही सांधे काठावर आले की कुलूप उघडलं. लाकडी खुंट्यांची अशी कुलपं इजिप्तमध्ये हजारो वर्षांपूर्वी होती. अमेरिकेतल्या लायनस येल यांनी १८६० च्या दशकात तीच कल्पना छोट्याशा चपट्या चावीत आणली आणि तीच अजून चालू आहे.

आणि ते चावीवाचून उघडतं ते या कारणाने, की पाच भोकं एका अचूक रेषेत पाडणं कुठल्याच यंत्राला जमत नाही. केसाच्या अंशाएवढा फरक राहतोच. म्हणून बॅरलला हलका दाब दिला की पाचही खुंट्या एकदम अडकत नाहीत, आधी एकच अडकते. ती उचलून बसवली की दुसरी अडकते. कुलपाच्या चुकीतूनच वाट आहे.

हे कळल्यावरही मार्च गेला आणि काही उघडलं नाही. उन्हाने घामाचे हात लागून आकड्यावर गंज चढला, तो शिलाई मशीनच्या तेलाने पुसून काढला. त्या दिवसांत मी आल्फ्रेड हॉब्ज यांच्याबद्दल वाचलं. लंडनमध्ये ब्रामा कंपनीने १७९० पासून दुकानात आपलं कुलूप ठेवलं होतं, सोबत पाटी, जो उघडेल त्याला २०० गिनी, म्हणजे जुनी इंग्रजी नाणी. साठ वर्षं कुणाला जमलं नाही. १८५१ साली, लंडनमधल्या मोठ्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी, अमेरिकेतून आलेल्या हॉब्ज यांनी ते उघडलं. १६ दिवसांत मिळून ५१ तास. मला त्या ५१ तासांनी धीर आला. इतका वेळ एका कुलपासमोर बसलेला माणूस रोज उठताना काय विचार करत असेल, ते मला थोडंफार कळत होतं.

माझी चूक आप्पांना कळली. एका संध्याकाळी माझ्या दाबपट्टीवरच्या बोटाकडे बघत ते म्हणाले, "नख पांढरं पडलंय तुझं."

खरंच पडलं होतं.

"ताणा तपासताना आम्ही काय करायचो बघ." त्यांनी हात उलटा केला आणि बोटांची मागची बाजू टेबलावरून अशी फिरवली जणू खाली हजारो धागे ताणलेले आहेत. "दाबायचं नाही. ठेवायचं नुसतं. जो धागा जास्त ताणलाय तो स्वतः सांगतो. दाबलंस तर सगळेच ताणलेले लागतात."

मी बोट ढिलं केलं, इतकं की पट्टी निसटेल असं वाटलं. आकडा आत घातला, मागून पुढे आलो. पहिली खुंटी स्प्रिंगवर नाचली. दुसरी नाचली. तिसरीही. चौथी नाचली नाही, घट्ट उभी होती. तिला अगदी हळू उचललं. टिक. कानाला नाही, बोटाच्या पेराला लागलं. आणि दाबपट्टी एवढीशी, मोजताही येणार नाही एवढीशी फिरली. मग पहिली अडली. तिला उचललं. मग पाचवी. मग दुसरी, ती मी जास्त वर ढकलली, सगळं सोडून पुन्हा सुरुवात. असं सहा-सात वेळा. आईने दोनदा जेवायला हाक मारली. तिसऱ्या हाकेच्या सुमारास तिसरी खुंटी बसली आणि बॅरल सर्रकन फिरली, कडी उडाली. कुलूप माझ्या मांडीवर उघडं पडलं होतं.

मी काही बोललो नाही. आप्पांनी ते उचललं, कडी परत दाबून बंद केलं आणि माझ्यापुढे ठेवलं. "परत."

त्या रात्री ते आणखी दोनदा उघडलं. मे संपेपर्यंत खुंट्यांची उरलेली दोनही उघडली, त्यातलं एक ११ मिनिटांत. मुलीला मी खिडकी पाडलेलं कुलूप दिलं. ती बघत बघत खुंट्या बसवते, मग डोळे मिटून.

अवजारांची संख्या आता सात झाली आहे. तीन आकडे, एक नागमोडी, तीन दाबपट्ट्या, सगळी आईने शिवलेल्या चादरीच्या कापडाच्या पिशवीत, तेलाच्या चिंधीत गुंडाळून. ती पिशवी घराबाहेर न्यायची नाही, असं आम्ही ठरवलं आहे. मित्रांनी कुणाच्या कपाटासाठी बोलावलं तर मी अशोक चौकाच्या चावीवाल्या चाचांचा नंबर देतो.

राहिली दहा लिव्हरची. त्यांना वेगळं अवजार लागतं, लांब, तारेचं, खोलवर जाऊन एकेक पट्टी उचलेल असं. परवा कारखान्यातून आलो तर आप्पा गच्चीवर सावलीला बसले होते. समोर ऐरण म्हणून रुळाचा तुकडा, बाजूला माझ्या जुन्या सायकलच्या चाकातून काढलेले चार स्पोक. एका स्पोकचं टोक हातोडीने चपटं करत होते, एकेक ठोका, मधे थांबून बोटाने तपासत.

"तापवणार का?" मी विचारलं.

"नाही," ते म्हणाले. "आधी थंडच बघू किती येतंय." आणि शेजारचा दुसरा स्पोक माझ्याकडे सरकवला.